बायनरीतले १ मोजायचे तर ओईआयएस: कुठे खरं उतरतं, कुठे फसवतं

१, ३, ४, ७. पुढे काय? स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत याला चार पर्याय आणि एक 'बरोबर' उत्तर असतं. ओईआयएस या संख्याक्रमिकांच्या संकेतस्थळाच्या शोधखिडकीत हेच चार आकडे टाकून बघा. पुढे ११ सांगणारी ल्यूकासची क्रमिका आहे, मागच्या दोन पदांची बेरीज. पुढे ६ सांगणारी विभाजकांच्या बेरजेची आहे, कारण ५ चे विभाजक १ आणि ५. आणि पुढे ८ सांगणारी आहे ए००५१८७: संख्येची दुप्पट करायची आणि तिच्या बायनरी रूपात, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांनी लिहिलेल्या रूपात, जितके १ असतील तितके वजा करायचे. तिन्ही क्रमिका खऱ्या, तिन्ही जुन्या, तिन्हींवर भरपूर काम झालेलं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून चालणाऱ्या गणित ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांसाठी, बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि कोडिंग स्पर्धावाल्यांसाठी या संकेतस्थळाचं हे परीक्षण. सगळा कोश तपासणं शक्य नाही. म्हणून एकच घराणं घेतलं आहे, बायनरीतले १ मोजणाऱ्या क्रमिकांचं.

ओईआयएस म्हणजे पूर्णांक क्रमिकांचा ऑनलाइन कोश. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी असताना कार्डांवर क्रमिका जमवायला सुरुवात केली, १९७३ मध्ये त्या पुस्तकरूपात आल्या, १९९६ पासून संकेतस्थळ आहे आणि २००९ मध्ये ते चालवायला स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं. आज साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, नुसतं बघण्यासाठी खातं उघडावं लागत नाही. प्रत्येक क्रमिकेला 'ए' आणि सहा अंक असा कायमचा क्रमांक असतो. इथे तो देवनागरीत दिला आहे, शोधताना इंग्रजी अक्षर आणि इंग्रजी अंक टाका.

आधी शब्द पक्का करू. ५२ म्हणजे ३२ + १६ + ४, बायनरीत ११०१००, त्यात १ तीन वेळा. या तीनला ५२ चं वजन म्हणतात. प्रोग्रॅमिंगवाले पॉपकाउंट म्हणतात. ०, १, २, ३... यांची वजनं ओळीने लिहिली की ०, १, १, २, १, २, २, ३, १, २, २, ३, २, ३, ३, ४, १... ही ए०००१२० मिळते. नियम दोन ओळींचा: दुप्पट केली तर वजन तेच राहतं, दुप्पट अधिक एक केली तर वजन एकने वाढतं. एवढ्याशा नियमातून जे निघतं ते या पानावर एकत्र ठेवलेलं आहे, आणि ओईआयएसचं मोल इथेच कळतं. हे पान म्हणजे दादर स्टेशन आहे. फार थोडे लोक तिथेच थांबायला येतात, बाकीच्यांना इथून गाडी बदलायची असते.

त्या गाड्या कुठे जातात ते पाहण्यासारखं आहे. संख्येतून तिचं वजन वजा केलं की ए०११३७१ येते: ०, ०, १, १, ३, ३, ४, ४, ७, ७, ८... हा त्या संख्येच्या फॅक्टोरियलमधला, म्हणजे १ पासून तिच्यापर्यंतच्या संख्यांच्या गुणाकारातला, २ चा घातांक असतो, लजांड्रचं सूत्र. १० बायनरीत १०१०, वजन २, म्हणून १० च्या फॅक्टोरियलमध्ये २ आठ वेळा असायला हवा. ३६२८८०० ला २५६ ने भागा, १४१७५ उरतात, विषम. जमलं. पास्कलच्या त्रिकोणातल्या, म्हणजे आपल्या मेरुप्रस्तारातल्या, एखाद्या ओळीत विषम संख्या किती? ओळी शून्यापासून मोजून ओळीच्या क्रमांकाचं वजन काढा आणि २ चा तितकावा घात घ्या. दहाव्या ओळीत १, ४५, ४५, १ अशा चारच विषम आहेत आणि २ चा वर्ग चार. ही ए००१३१६, गूल्डची क्रमिका. तिसरी गोष्ट ऑलिंपियाडला नेहमी उपयोगी पडते: दोन संख्यांच्या वजनांची बेरीज करून त्यातून बेरजेचं वजन वजा केलं, तर बायनरीत ती बेरीज करताना किती वेळा हातचा आला ते मिळतं, आणि संबंधित द्विपद सहगुणकातला २ चा घातांकही तोच. ३ आणि ५ घ्या. वजनं २ आणि २, बेरीज ८ चं वजन १, उत्तर ३. आठातून तीन निवडण्याचे प्रकार ५६, म्हणजे ८ गुणिले ७. २ चा घातांक बरोबर तीन.

हे सगळं वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतं. पण एकातून दुसऱ्यात जायचा रस्ता पुस्तकात क्वचितच दिलेला असतो. ओईआयएसच्या पानावर खाली 'क्रॉसरेफ' म्हणून संबंधित क्रमिकांच्या दुव्यांचा जो भाग आहे तो बहुतेक जण वाचतच नाहीत. आमच्या मते पान उघडल्यावर सर्वांत आधी तोच वाचावा, मग सूत्रांचा भाग, आणि वरचा टिप्पण्यांचा लांबलचक भाग शेवटी. टिप्पण्या अनेक जणांनी अनेक वर्षांत लिहिलेल्या आहेत. महत्त्वाचं आणि किरकोळ एकाखाली एक येतं, क्रम लावलेला नाही. ए०००१२० सारख्या गजबजलेल्या पानावर नवखा माणूस तिथेच अडकतो. ही या सेवेची खरी उणीव आहे.

आता शोधाबद्दल, कारण लोक फसतात ते इथे.

पहिलं पद टाकू नका. क्रमिका ० पासून सुरू करायची की १ पासून, यावर लोकांचं एकमत नसतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पदापासून सहाएक पदं स्वल्पविराम देऊन टाकावीत, असं संकेतस्थळच सुचवतं. सर्वसाधारण क्रमिकांना हे पुरतं. वजनाच्या घराण्याला पुरत नाही, आणि का पुरत नाही हे समजून घेतलं तर पुढचा बराच वेळ वाचतो.

३, ५, ६, ९, १०, १२ ही सहा पदं घ्या. सल्ल्याप्रमाणे अगदी सहा. ज्यांच्या बायनरीत १ बरोबर दोनदा येतो त्या संख्या अशाच सुरू होतात, ए०१८९००. ज्यांचं वजन सम आहे त्यांची यादी ए००१९६९, तिच्यातला सुरुवातीचा ० सोडला की तीही अशीच. फरक सातव्या पदाला पडतो. १५ बायनरीत ११११, वजन चार. चार सम आहे म्हणून १५ दुसऱ्या यादीत आहे, पण चार म्हणजे दोन नव्हे, म्हणून पहिल्या यादीत १२ नंतर थेट १७ येतो. सहा पदांवर थांबलात तर निकालात दोन्ही दिसतील आणि वरची कुठली आहे त्यावर तुमचं उत्तर ठरेल. हे धोक्याचं आहे.

दुसरं उदाहरण जास्त चकवणारं. समजा वजाबाकीलाही परवानगी आहे आणि संख्या २ च्या घातांच्या बेरीज-वजाबाकीने कमीत कमी तुकड्यांत लिहायची आहे. तुकड्यांची संख्या अशी येते: ०, १, १, २, १, २, २, २, १... ही ए००७३०२. पहिली सात पदं ए०००१२० शी हुबेहूब जुळतात. ७ वर ती सुटतात, कारण ७ चं वजन ३, पण ८ वजा १ केलं तर दोनच तुकडे. शिवाय या पानाचं शीर्षक दोन प्रोसेसरमधल्या अंतराच्या खर्चाविषयी आहे, त्यात बायनरीचं नावही नाही. शीर्षक वाचून 'हे आपलं नव्हे' म्हणून पुढे जाणारे पुष्कळ.

दोन्ही वेळा फाटा कुठे फुटला पाहा: ७ वर आणि १५ वर, म्हणजे २ च्या घाताच्या एक अलीकडे. हा योगायोग नाही. १६ ते ३१ ची वजनं म्हणजे ० ते १५ च्या वजनांत प्रत्येकी एक मिळवलेली नक्कल. नवा स्तंभ, म्हणजे बायनरीतलं डावीकडचं नवं घर, उघडेपर्यंत नवं काही घडत नाही, आणि स्तंभ भरतो तेव्हा सगळीकडे १ असतात, म्हणून व्याख्येतला बारीक फरक तिथेच उघडा पडतो. यावरून या घराण्यासाठी नियम असा ठेवावा: पदांची संख्या मोजू नका, २ च्या घाताची एक तरी सीमा ओलांडली का ते बघा, आणि ती सीमा १६ किंवा ३२ असावी. ए०००१२० शोधायची असेल तर सुरुवातीची पदं टाकण्यापेक्षा ५ पासून १६ पर्यंतची टाका: २, २, ३, १, २, २, ३, २, ३, ३, ४, १. निकालांची यादी लगेच आटोक्यात येते.

० आणि १ एवढ्यावरच चालणाऱ्या क्रमिका थेट शोधू नयेत. वजन सम असेल तर ०, विषम असेल तर १ लिहिलं की ०, १, १, ०, १, ०, ०, १... ही थू-मोर्स क्रमिका येते, ए०१००६०. तिची सहा पदं टाकलीत तर निकालांचा पूर येतो, कारण १ आणि ० यांचा कुठलाही छोटा तुकडा हजारो क्रमिकांत असतोच. उपाय सोपा आहे: १ कुठल्या कुठल्या जागी आला त्या जागा लिहा आणि ती यादी शोधा. इथे १, २, ४, ७, ८, ११, १३, १४ मिळते, ही ए००००६९, विषम वजनाच्या संख्या. तिच्या पानावरून थू-मोर्सकडे दुवा आहेच. ज्या कुठल्या हो-नाही क्रमिकेशी गाठ पडेल तिथे हीच युक्ती वापरा.

मोठी पदं टाकून शोधणारेही निराश होतात. शोध फक्त पानावर छापलेल्या पदांत चालतो, आणि ती पदं साधारण २६० अक्षरांत बसतील इतकीच असतात. सोबत जोडलेली लांब यादी, जिला बी-फाइल म्हणतात, ती शोधात येत नाही. ० ते १००० पर्यंतच्या सगळ्या संख्यांमध्ये मिळून १ किती, याचं उत्तर ४९३८ आहे. हा आकडा टाकून ही क्रमिका सापडायची नाही. छोट्या संख्यांची उत्तरं काढून ती टाकावी लागतात: १, २, ४, ५, ७, ९, १२, १३, १५, १७, २०. मग ए०००७८८ समोर येते.

याच क्रमिकेपाशी जरा थांबू, कारण मुंबईतल्या कॉलेजांत कोडिंग स्पर्धा आणि प्लेसमेंटच्या चाचण्यांना हा प्रश्न या ना त्या रूपात येतो, आणि बहुतेक जण सरळ लूप लावून अब्जापर्यंत मोजत बसतात. वेळ संपतो. एकेक संख्या न मोजता एकेक स्तंभ मोजायचा. ० ते १० घ्या, एकूण ११ संख्या. शेवटच्या स्तंभात ०, १ अशी दोनची आवर्तनं चालतात. ११ मध्ये पाच पूर्ण आवर्तनं, प्रत्येकात १ एकदा, म्हणून ५, आणि उरलेली एक संख्या ० वाली. त्याच्या डावीकडच्या स्तंभात चारची आवर्तनं, प्रत्येकात आधी दोन ० मग दोन १. दोन पूर्ण आवर्तनांचे ४, उरलेल्या तीन संख्यांपैकी पहिल्या दोन ० वाल्या, तिसरीचा १, एकूण ५. पुढच्या स्तंभात आठचं एक आवर्तन पूर्ण, ४, उरलेल्या तिन्ही ० वाल्या. चौथ्या स्तंभात सोळाचं एकही आवर्तन पूर्ण नाही, पण पहिल्या आठ सोडल्या तर पुढच्या तिघींत १ आहे, ३. बेरीज ५ + ५ + ४ + ३ = १७. अब्जापर्यंतच्या मोजणीलासुद्धा असे तीसच स्तंभ लागतात.

चूक होते ती ११ च्या जागी १० घेतल्याने. शून्यही एक संख्या आहे. ए०००७८८ ही ० पासून दिलेल्या संख्येपर्यंत, तिच्यासकट मोजते. संशोधन लेखांत मात्र बेरीज बहुधा एक अलीकडे थांबवतात. ट्रोलोप यांनी १९६८ मध्ये आणि दलांज यांनी १९७५ मध्ये या बेरजेचं जे सूत्र दिलं तेही तसंच आहे: संख्येच्या निम्म्याला तिच्या २ आधाराच्या लॉगने गुणायचं, आणि त्यात एक दुरुस्तीचं पद मिळवायचं. ती दुरुस्ती संख्येने भागली की जे उरतं ते संख्येच्या लॉगनुसार सलग आणि आवर्ती असतं, पण त्याच्या आलेखाला कुठेच स्पर्शिका काढता येत नाही. पानावरच्या 'ग्राफ' या दुव्यावर टिचकी मारली तर मूळ क्रमिकेचा आलेख दिसतो. बेरजेचा आलेख जवळजवळ सरळ रेषेसारखा वाटतो आणि दुरुस्तीतला खडबडीतपणा त्यात लपून जातो. तो पाहायचा तर आकडे उतरवून मुख्य पद स्वतः वजा करावं लागतं. १००० साठी करून पाहा: १००१ संख्या, मुख्य पद सुमारे ४९८८.६, खरं उत्तर ४९३८, फरक पन्नासच्या थोडा वर.

एकने चुकण्याचा दुसरा उगम म्हणजे 'ऑफसेट'. प्रत्येक पानावर या शब्दापुढे दोन आकडे असतात. पहिला सांगतो की पहिल्या पदाचा क्रमांक किती धरला आहे. दुसरा सांगतो की १ पेक्षा मोठं पद पहिल्यांदा कितव्या जागी येतं, चिन्ह न धरता. ए०००१२० ला ०, ४ आहे: क्रमांक शून्यापासून, आणि २ हे चौथं पद. सम वजनांच्या ए००१९६९ मध्ये मात्र क्रमांक १ पासून आहे. पण तिचं सुटसुटीत सूत्र शून्यापासून मोजलं तरच जमतं: क्रमांकाची दुप्पट अधिक त्या जागचं थू-मोर्सचं पद. १ ला २ + १ = ३, २ ला ४ + १ = ५, ३ ला ६ + ० = ६. हे सूत्र पानावरच्या क्रमांकाला थेट लावलं की प्रत्येक पद एक घर सरकतं. सूत्र चुकलं असं वाटून मुलं तास घालवतात. आधी ऑफसेट बघा.

स्वतःचा प्रोग्रॅम तपासायला बी-फाइलसारखी सोय नाही. साधी मजकूर फाइल असते, प्रत्येक ओळीत क्रमांक, मोकळी जागा आणि पद. बऱ्याच मुख्य क्रमिकांना दहा हजारांच्या आसपास पदं मिळतात. एकदा उतरवून फोनमध्ये ठेवली की नेट नसतानाही कामाला येते, आणि गाडीत रेंज जाते-येते तेव्हा हाच शहाणपणा. एक्सेलमध्ये घ्यायची तर मोकळ्या जागेवर स्तंभ तोडायचे.

तपासताना सापडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एक्सेलचं डेक-टू-बिन फंक्शन ५११ च्या पुढे जात नाही, ५१२ ला एरर देतं. त्याऐवजी बेस फंक्शन वापरून आधार २ द्या, आलेल्या मजकुरातले ० सबस्टिट्यूटने काढून टाका आणि उरलेल्याची लांबी मोजा. सी भाषेत जीसीसी या कंपायलरचं तयार पॉपकाउंट ३२ बिटांपुरतं असतं. ६४ बिटांची संख्या दिली तर वरचा अर्धा भाग गुपचूप गळतो आणि प्रोग्रॅम तक्रारही करत नाही. त्यासाठी नावाच्या शेवटी दोन एल असलेलं रूप आहे. जावास्क्रिप्टच्या बिट क्रियाही ३२ बिटांच्याच, चिन्हासकट. पायथनमध्ये ३.१० पासून पूर्णांकाला बिट-काउंट ही पद्धत आहे आणि ती ऋण संख्येचं चिन्ह सोडून मोजते. सीमध्ये उणे एक ३२ बिटांत ठेवला तर सगळेच बिट १, म्हणजे वजन ३२. दोघांची उत्तरं जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, दोघं वेगळी गोष्ट मोजतात. ओईआयएसवरची व्याख्या ० आणि धन संख्यांपुरती आहे.

हाताने करायची सर्वांत चांगली पद्धत म्हणजे संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांचा बिटवार 'अँड' घेत जाणं, म्हणजे दोन्हींत १ असेल त्याच जागी १ ठेवणं. प्रत्येक वेळी सर्वांत उजवीकडचा १ पुसला जातो. ५२ चे ४८, ४८ चे ३२, ३२ चे ०. तीन पावलं, वजन तीन. एकच पाऊल टाकून ० आला तर संख्या २ चा घात. पण सीमध्ये ही तपासणी लिहिताना कंस विसरू नका, बरोबरीचं चिन्ह 'अँड'च्या आधी सोडवलं जातं. आणि शून्य या चाळणीतून निसटतं, त्याला वेगळं अडवा. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमधला प्रोग्रॅमर मोड ही सगळी पावलं बिट उघडे करून दाखवतो, मुलांना शिकवायला फार सोयीचा.

आता एक गोष्ट मराठी वाचकांसाठी खास. या कोशात गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर पदोपदी भेटतात. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, ठाण्यात शाळा, पुण्याच्या फर्ग्युसनमधून पदवी, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षक. त्यांच्या डेम्लो संख्यांना ए००२४७७ वर जागा आहे: १, १२१, १२३२१... हे नाव जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या स्टेशनाचं, आजच्या डोंबिवलीचं. रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? ज्या संख्येला तिच्या अंकांची बेरीज नि:शेष भागते तिला हर्षद हे नाव त्यांचंच, ए००५३४९. आणि कुठल्याच संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू संख्या, ए००३०५२. या पानाच्या शीर्षकात 'कोलंबियन' हे दुसरं नावही दिसेल, संख्या त्याच.

दहाच्या जागी दोन आधार घ्या. अंकांची बेरीज म्हणजेच वजन, आणि कापरेकरांची कल्पना थेट आपल्या घराण्यात येते. संख्येत तिचं वजन मिळवा: १ चे २, २ चे ३, ३ चे ५, ४ चेही ५, ५ चे ७, ६ चे ८. जे कधीच येत नाहीत ते १, ४, ६, १३, १५, १८, २१, २३, ३०, ३२... ही ए०१००६१. बायनरी हर्षद संख्या ए०४९४४५: १, २, ४, ६, ८, १०, १२, १६, १८, २०, २१, २४... पहिल्या विषम पाहुणीकडे लक्ष द्या. १ सोडला तर २१ ही पहिली विषम: १०१०१, वजन ३, आणि २१ भागिले ३ म्हणजे ७. एका पानावरून दुसऱ्यावर असं जाता येतं ते केवळ या कोशामुळे, आणि आपल्या शाळांमधल्या गणित मंडळांनी कापरेकरांच्या जयंतीला फलक लावण्याबरोबर ही पानं मुलांसमोर उघडावीत असं मनापासून वाटतं.

वापरातल्या किरकोळ बाबी. पान हलकं असतं, कमी रेंजमध्येही उघडतं. फोनवर अक्षरं बारीक दिसतात, आडवा धरावा लागतो. लांब पानावर ब्राउझरचं 'पानात शोधा' वापरा. नोंदी इंग्रजीत असल्या तरी वाक्यं आखूड आणि आकडे स्वतः बोलतात, मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलाला आठवड्याभरात सवय होते. आधारावर अवलंबून असणाऱ्या क्रमिकांना 'बेस' असा शिक्का असतो, शोधात तो जोडला की बाकीचा पसारा गळतो. क्लासवाल्यांनी आकडे छापील शीटवर घ्यायला हरकत नाही, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. पण ओईआयएसचं नाव आणि क्रमिकेचा क्रमांक द्यायचा आणि तयार झालेलं साहित्य त्याच अटींवर इतरांना खुलं ठेवायचं. ही अट पाळलेली शीट शहरात फार कमी दिसते.

नवी क्रमिका पाठवायची तर खातं लागतं आणि संपादक ती तपासतात. वजनावरची क्रमिका पाठवण्याआधी ती जुन्या क्रमिकेची दुप्पट, एकाआड एक पदं किंवा एक घर सरकवलेली नक्कल नाही ना ते बघा. ए०११३७१ मधलं प्रत्येक पद दोनदा येतं: ०, ०, १, १, ३, ३, ४, ४. एकाआड एक घेतलं की ए००५१८७ होते, आणि ती आधीच कोशात आहे. सूत्राचा पुरावा आणि किमान चाळीस-पन्नास पदं सोबत असली तर संपादकांशी होणारा पत्रव्यवहार कमी होतो.

आठवी-नववीच्या मुलांना मात्र ए०००१२० चं पान पहिल्याच दिवशी देऊ नका. त्यांना सम आणि विषम वजनांच्या दोन याद्या द्या, ० ते ७ पर्यंत. एकीकडे ०, ३, ५, ६ आणि दुसरीकडे १, २, ४, ७. बेरीज करायला लावा: दोन्हीकडे १४. मग वर्गांची बेरीज: दोन्हीकडे ७०. मुलं घनांवर उडी मारतील आणि तिथे जमणार नाही. तेव्हा याद्या १५ पर्यंत वाढवायला सांगा, ए००१९६९ आणि ए००००६९ ची पानं उघडून द्या आणि घन पुन्हा मोजू द्या. दोन्हीकडे ७२०० येतात. हे प्रूए यांनी १८५१ मध्येच दाखवलं होतं. चौथ्या घातासाठी कुठपर्यंत जायचं हे मग मुलं स्वतःच विचारतात: ३१ पर्यंत.